वाकळ हाच आमचा सातबारा

मयत माणसाच्या मिळकतीची यादी करणे हे आम्हा वकिलांचे नेहमीचेच काम. घर किती चौरस फुटांचे, जमीन किती गुंठे, बँकेत शिल्लक किती, सोने किती तोळे असे प्रश्न विचारायचे आणि उत्तरे कागदावर उतरवायची. २०२२ साली आमची आई गेली आणि ही यादी आम्हाला स्वतःच्याच घरासाठी करावी लागली. वरळीच्या बीडीडी चाळीतील खोली सरकारच्या मालकीची, म्हणून ती मिळकतीत धरता येईना. गावी, म्हणजे सातारा जिल्ह्यात, आमच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही. मग उरले काय? पायाने चालवायचे एक शिलाई मशीन, एक पत्र्याची पेटी आणि तीन वाकळा. इतकी वर्षे कोर्टात काढली, पण इतकी आखूड यादी आम्ही कुठल्याच अशिलाची केली नव्हती.

कायद्याने प्रश्न सोपा होता. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू केलेला आहे (तो का, आणि कुठवर, हा वेगळा वाद, त्यावर पुन्हा केव्हातरी लिहू). वडील आधीच गेलेले, आईने मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा तिघा मुलांना सारखा वाटा. मशीनचा एकतृतीयांश, पेटीचा एकतृतीयांश आणि वाकळ एकेकाला एक. थोरल्या भावाने आपली वाकळ घ्यायला नकार दिला. "नव्या घरात कुठं ठेवू ही?" असे तो म्हणाला आणि खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच होते. धाकटी बहीण म्हणाली, "मग सगळंच मला द्या." ती शाळेत चित्रकला शिकवते. आम्ही दोघा भावांनी अडगळ सुटली या भावनेने सह्या करून दिल्या. आज तीन-चार वर्षांनी हा लेख लिहिताना त्या सह्यांची आम्हाला लाज वाटते.

त्या पेटीत काय होते ते आधी सांगितले पाहिजे. दोऱ्याच्या रिळांचे दोन डबे; त्यातली निम्मी रिळे लाकडी, आता मिळत नाहीत ती. बॉबिन, बॉबिन केस, तेलाची कुपी, मोडक्या सुया एका काचेच्या बाटलीत वेगळ्या (आई मोडकी सुई कधी केरात टाकत नसे, कुणाच्या पायात जाईल म्हणून). हुकांच्या पुड्या, शर्टांची सुटी बटणे, दोन कात्र्या, खडूचे तुकडे, आकडे पुसट झालेली इंचटेप. खाकी कागदाची कटिंगे, प्रत्येकावर पेन्सिलीने कुणाचे ते लिहिलेले. मापाची एक जाड वही. आणि तळाशी चिंध्यांची गाठोडी, रंगाप्रमाणे नव्हे, वर्षाप्रमाणे बांधलेली. सगळ्यांत मोठे गाठोडे निळ्या कापडाचे. वरळीत १४ एप्रिलला लागणारे निळे झेंडे आणि धम्मध्वज आई वर्षानुवर्षे शिवत असे. झेंड्याचे पैसे तिने कधी घेतले नाहीत, पण उरलेले कापड मात्र हक्काने ठेवून घेतले. ती म्हणायची, "शिलाई नको, पण चिंधी माझी."

हे मशीन घरात आले १९८३ साली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो संप संपल्याचे आजवर कुणी जाहीर केलेले नाही. आमचे वडील त्यातले एक. घरात पगार येणे थांबल्यावर आईने कानातले मोडून जुने मशीन घेतले आणि दाराशी, प्रकाशात, लावले. परकर, पोलकी, शाळेचे गणवेश, साडीला फॉल. गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी संपाबद्दल पुष्कळ लिहिले. परंतु संपाच्या काळात घरोघरी कुणाच्या पायांवर चुली पेटल्या, याची नोंद ठेवण्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही. आमच्या घरापुरती ती नोंद मापाच्या वहीत आहे. गिऱ्हाईकाचे नाव, छाती, उंची, बाही आणि पुढे "दिले" किंवा "बाकी". "बाकी" जास्त आहेत. सगळेच संपातले होते.

आता वाकळीविषयी. शहरातील वाचक तिला गोधडी म्हणतील, आमच्याकडे सातारा भागात वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक अंथरायचे, वरून चिंध्यांची ठिगळे जोडायची आणि दाभणाएवढ्या सुईने धावदोरा घालत कडेकडून आत यायचे, चौकोनात चौकोन असे करत मध्यापर्यंत. महिना-दोन महिने लागतात. तीनपैकी सर्वांत जुनी वाकळ आमच्या आजीची. तिच्यात एक हिरवा तुकडा आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या समुद्रकिनारी बाबासाहेबांच्या चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखावर लोकांना धम्मदीक्षा दिली, त्या गर्दीत आजी होती. आम्ही लहानपणी तिला विचारायचो, "आजी, तू पांढरं लुगडं नेसली होतीस ना?" ती म्हणायची, "न्हाय रं बाबा. हिरवं होतं. दुसरं धुतल्यालं नव्हतं." पांढरे नव्हते याची तिला आयुष्यभर खंत वाटली. ते हिरवे लुगडे तिने कधी बोहारणीला दिले नाही; फाटल्यावर वाकळीत घातले.

हा तुकडा कचऱ्यात जाता जाता वाचला, हे वाचकांना ठाऊक असावे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, खोल्या रिकाम्या होऊ लागल्या, आणि वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या इमारतींतील घरांच्या चाव्या लोकांच्या हाती आल्या. एकशे साठ चौरस फुटांतून पाचशे चौरस फुटांत जाणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. तिच्यासाठी आपल्या माणसांनी किती खेटे घातले हे आम्ही जवळून पाहिले आहे. पण सामान हलवताना चाळीच्या आवारात कशाचा ढीग पडला होता? फ्रीज, टीव्ही, कपाटे टेम्पोत चढत होती आणि वाकळा, पत्र्याच्या पेट्या, मोडकी मशीने खाली राहत होती. नवे घर, नवे सोफे, तिथे आजीची वाकळ कशाला, ती पाहून पाहुणे काय म्हणतील? बाबासाहेबांच्या पुस्तकांचे खंड मात्र प्रत्येकाने जपून नेले. ते नेलेच पाहिजेत. परंतु ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा दोन पिढ्यांनी आपले म्हणणे कशावर लिहिले, हे कधी विचारले आहे का आपण?

धाकटीने ते विचारले. तिने ठरवले की आईच्या पेटीतील सामानातून आणि आजीच्या वाकळीतून एक कापडी चित्र करायचे. शाळा सुटल्यावर, रविवारी, असे करत दीड वर्ष लागले. साडेचार फूट रुंद, सहा फूट उंच. ते कसे केले हे थोडे तपशिलाने सांगतो, कारण काही भगिनींना स्वतः करून पाहायचे असेल.

पहिली गोष्ट म्हणजे तिने महिनाभर काहीही कापले नाही. प्रत्येक गाठोडे सोडून एकेक तुकडा वहीत नोंदवला: कुणाचे कापड, कशातून उरले, कुणी सांगितले. जे ठाऊक नाही तिथे "ठाऊक नाही" असेच लिहिले. पुराव्याचा कायदा तिने शिकलेला नाही, पण हे तिला कुठल्याही वकिलापेक्षा चांगले जमले. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने एकेक तुकडा चोळून रंग सुटतो का ते पाहिले. झेंड्यांच्या निळ्या कापडाने फडके निळेभोर केले, म्हणून ते वेगळे काढून पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतले. गंजलेल्या टाचण्या काढून टाकल्या, कारण गंज कापड खातो. आईच्या रिळांतला सुती दोरा ओढला की तुटत होता. इतकी वर्षे पडून दोराही म्हातारा होतो. तेव्हा भार पेलणारी शिवण नव्या दोऱ्याने घातली आणि आईचा दोरा दुहेरी करून फक्त वर, डोळ्यांना दिसेल असा वापरला. आजीची वाकळ जिथे धड होती तिथे तिला कात्री लावली नाही. वरचा थर जिथे विरून गेला होता तिथेच नवे तुकडे बसवले. मागून नव्या मांजरपाटाचा आधार दिला, म्हणजे टांगल्यावर वजन जुन्या कापडावर येत नाही.

मांडणी तिने चीवरावरून घेतली. विनयपिटकात कथा आहे. भगवान बुद्ध राजगृहाहून दक्षिणागिरीकडे चालले असता त्यांना मगधातील शेते दिसली, चौकोनी, बांधांनी आखलेली. त्यांनी आनंदाला विचारले, भिक्खूंची चीवरे अशी करता येतील का? आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर शिवले. कापलेल्या, जोडलेल्या कापडावर चोराचा डोळा जात नाही, हाही त्यात हेतू होता. सुरुवातीच्या काळात भिक्खू उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून चीवर करीत. त्याला पंसुकूल म्हणतात. आणि भिक्खूच्या आठ परिष्कारांत, म्हणजे जवळ बाळगायच्या आठ वस्तूंत, सुई आहे. आम्ही विहारात वर्षानुवर्षे चीवरदान करतो, पण त्या शिवणीकडे निरखून पाहिले ते धाकटीने दाखवल्यावर. तिने आजीचे, आईचे, वडिलांचे कापड त्या शेतांसारखे मांडले आणि बांध निळ्या कापडाचे घातले. आमच्या घराला शेत मिळाले ते असे.

वडिलांचे कापड म्हणजे एक शर्ट. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दंगल उसळली, दलित पँथरच्या पोरांना आणि चाळीतल्या लोकांना मार खावा लागला, त्यात तो खांद्यावर फाटला. आजीने तो मिळेल त्या दोऱ्याने शिवला. पांढऱ्या शर्टावर काळा दोरा. आईने लग्नानंतर तो सात-आठ वर्षे धुतला, कधी उसवून नीट शिवला नाही. धाकटीने तो खांदा तसाच, त्या काळ्या शिवणीसकट, लावला आहे. दंगलीच्या चौकशीत किती जबान्या नोंदल्या गेल्या असतील. ही एक कुणी नोंदलेली नाही.

इथपर्यंत सगळे छान चालले होते. भांडण झाले ते वाकळीचा विरलेला भाग उसवताना. लुगड्यांच्या थरांखाली, सगळ्यांत आत, एक जाडेभरडे कापड निघाले. कोरे, रंगवलेले नाही, किनार नाही, एका बाजूने फाडलेले. धाकटीने ते गावाकडच्या आत्याला दाखवले. आत्या नव्वदीच्या जवळ आहे. तिने हात लावून पाहिले आणि बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मड्यावरचं हाय ते."

वाचकांना हे सांगण्याची गरज नाही की गावगाड्यात मेलेल्याच्या अंगावरचे कापड हा महाराचा "हक्क" होता. हक्क! मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रे नेसावीत असा दंडक आहे आणि शूद्राला जुनीपुराणी वस्त्रे द्यावीत अशी "उदारता"ही आहे. हाच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. आणि त्याच व्यवस्थेचा एक तुकडा आमच्या घरात, आमच्या अंगावर, आमच्या झोपेत सत्तर-ऐंशी वर्षे होता. आम्ही लहानपणी त्याच वाकळीत झोपलो आहोत.

आम्ही धाकटीला स्पष्ट सांगितले, ते काढ आणि जाळून टाक. तिने नकार दिला. तिचे म्हणणे, "दादा, तू कोर्टात पुरावा जाळतोस का?" ती तर ते कापड वर काढून सगळ्यांना दिसेल असे मध्यभागी लावायला निघाली होती. आम्हाला ते सहन होईना. आजीला तिच्या हयातीत जे झाकावेसे वाटले ते तिच्या माघारी भिंतीवर टांगण्याचा अधिकार नातीला कुणी दिला? दोघे आठ दिवस एकमेकांशी बोललो नाही. शेवटी निवाडा आत्याने दिला. "आत हाय ते आतच राहू दे. काढू नगंस. पर लिवून ठेव." तसेच केले आहे. ते कापड त्याच जागी आहे, वरून दिसत नाही. शेजारी ज्या वस्तूंची यादी लावली आहे तिच्यात मात्र पहिल्या क्रमांकावर त्याची नोंद आहे. हा निर्णय बरोबर झाला की नाही, याबद्दल आमचे आणि धाकटीचे अजून एकमत नाही.

चळवळीतील काही कार्यकर्त्यांनी आमच्याकडे दुसरीच तक्रार केली. "साहेब, चिंध्यांचे कौतुक कशाला? बाबासाहेबांनी आपल्याला सूट घालायला शिकवले आणि तुम्ही पुन्हा ठिगळांकडे चाललात." ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दारिद्र्याला शोभेची वस्तू करणाऱ्यांची या देशात कमतरता नाही. परंतु महाडला त्या डिसेंबरात बाबासाहेब स्त्रियांशी काय बोलले ते आठवावे. अस्पृश्यतेची खूण पटवणारी लुगडी नेसण्याची पद्धत आणि ते जडशीळ दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. आणि त्याच भाषणात हेही सांगितले की कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, तो स्वच्छ असला पाहिजे. म्हणजे बाबासाहेबांनी ठिगळाला नाही, लाचारीला विरोध केला. दुसऱ्याने अंगावर फेकलेली चिंधी आणि आपल्या कष्टाच्या कापडाला आपण लावलेले ठिगळ यांतला फरक त्या बायांना कळला होता. आपल्यालाच तो कळेनासा झाला आहे.

शिवाय दोरा ही आपल्यासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना कताईच्या खात्यात काम मिळे, विणाईच्या खात्यात नाही. तिथे पगार जास्त होता, हे एक. आणि धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे, हे दुसरे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांना ही गोष्ट खटकत नव्हती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. आमचे आजोबा पुढच्या काळातले, तरी तेही रिंगखात्यातच सूत काढत राहिले. ज्या घरातल्या पुरुषाला कापड विणू दिले नाही, त्या घरातल्या बाईने फाटक्या कापडातून नवे कापड उभे केले. याला कौतुक म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

आणि जगात आपण एकटे नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचे कृष्णवर्णीयांचे खेडे आहे. गुलामांच्या मालकाचे आडनाव पेटवे; गुलामगिरी गेली तरी बहुतेकांचे आडनाव तेच राहिले. १९३२ साली सावकार व्यापाऱ्याच्या विधवेच्या माणसांनी तिथल्या घराघरांतून जनावरे, अवजारे, धान्य ओढून नेले. १९६० च्या दशकात लोक मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडच्या गावी जाऊ लागले, तर १९६२ साली नदीतली होडी बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली २००६ साली! तिथल्या बाया शेतात घालायच्या फाटक्या कपड्यांतून गोधड्या शिवत. मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली आपला नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. गुडघ्यावर झिजलेल्या विजारी, उन्हाने फिकटलेले शर्ट. त्याची आठवण राहावी आणि तिच्याखाली झोपता यावे म्हणून. हे आपल्याला तिच्या मुलीने सांगितले म्हणून ठाऊक आहे. नाहीतर ती नुसती एक जुनी गोधडी राहिली असती.

२००२ साली या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या, समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या पंगतीला बसवले, २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. प्रत्येक गोधडीखाली करणारणीचे नाव लागले, ही मोठी गोष्ट. पण कथा तिथे संपत नाही आणि आम्हा वकिलांचा रस पुढच्या भागात आहे. गोधड्यांच्या नक्षीवरून गालिचे, कॅलेंडरे, नाना वस्तू निघाल्या, आणि २००७ साली त्यांतल्या काही बायांनी कोर्टात दावे लावले की आम्हाला आमचा योग्य मोबदला मिळालेला नाही. पुढच्या वर्षी तडजोड झाली. मान मिळाला म्हणजे मोल मिळाले असे होत नाही, हे त्या म्हाताऱ्या बायांनी ओळखले आणि कोर्टाची पायरी चढल्या.

आमच्याकडे प्रकरण मोबदल्यापर्यंत गेलेच नाही, नावावरच अडले. धाकटीचे काम एका प्रदर्शनासाठी निवडले गेले. कोणत्या, ते सांगत नाही. आयोजकांनी खाली लावायची पाटी छापून पाठवली: धाकटीचे नाव कलावंत म्हणून, आणि साहित्य या मथळ्याखाली "अनामिक दलित स्त्रीने शिवलेली गोधडी". धाकटीने कळवले की ती स्त्री अनामिक नाही, ती माझी आजी आहे, तिचे नाव हे, माझ्या आईचे नाव हे, दोघींची नावे माझ्या नावाच्या वर लावा. उत्तर आले की एका कृतीला एकच कलावंत दाखवण्याचा प्रघात आहे, आणि "अनामिक" या शब्दाने प्रेक्षकांवर अधिक परिणाम होतो. परिणाम! ज्यांना शतकानुशतके नावाने हाक मारली गेली नाही, त्यांचे नाव ठाऊक असतानाही पुसायचे, आणि तेही सहानुभूती म्हणून. धाकटीने काम परत आणले.

तिने आम्हाला विचारले, कायद्यात काही आहे का? आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलात्मक कारागिरीची कृती ही कलाकृतीच्या व्याख्येत येते. वाकळ त्यात बसते की नाही यावर समोरचा वकील वाद घालील. घालू दे, वादाला पुरेशी जागा आहे. त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे, कृती विकून टाकली तरी ती आपली आहे असे सांगण्याचा निर्मात्याचा अधिकार जात नाही. तेव्हा ज्या भगिनींकडून दुकानदार गोधड्या शिवून घेतात आणि "पारंपरिक हस्तकला" अशी चिठ्ठी लावून शहरात विकतात, त्यांनी निदान एक करावे: वाकळीच्या कोपऱ्यात आपले नाव आणि साल दोऱ्याने शिवावे. लिहिता येत नसेल तर नातीकडून खडूने लिहून घ्यावे आणि त्यावरून टाके घालावेत. कागद हरवतो, चिठ्ठी फाडली जाते. दोऱ्याचे नाव काढायचे तर उसवावे लागते आणि उसवल्याची खूण राहते.

ते काम शेवटी आमच्या भागातील विहाराच्या सभागृहात लागले. पाटीवर तीन नावे, आजीचे सर्वांत वर. उद्घाटन, हारतुरे काही नाही. वंदनेनंतर लोक पाहून जात होते. दुसऱ्या दिवशी चाळीतल्या जुन्या बाया आल्या. त्या चित्रासमोर हात जोडून उभ्या राहतील असे आम्हाला वाटले होते. त्या थेट जवळ गेल्या आणि बोटे लावून पाहू लागल्या. "हे माझ्या पोरीच्या लग्नातलं पोलकं." "हा गणवेश गं, सात नंबरच्या शाळेचा." एकीने जांभळ्या ठिपक्यांचा तुकडा ओळखला आणि तिथेच खाली बसली. तो तिच्या मुलाच्या पहिल्या झबल्याचा होता; मुलगा राहिला नाही. तिच्या घरी त्याचा फोटोसुद्धा नाही. आईच्या गाठोड्यात त्याच्या झबल्याची चिंधी सुमारे चाळीस वर्षे होती, हे तिला ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते.

त्या दिवशी वहीतल्या "ठाऊक नाही" अशा अकरा नोंदी भरल्या गेल्या. धाकटी पेन्सिल घेऊन बसली होती आणि बाया सांगत होत्या. जिची चिंधी सापडली नाही ती विचारत होती, माझं कसं नाही, मी तर तिच्याकडंच शिवायचे. मग मापाची वही काढली. तिच्यात नाव सापडले: छाती चौतीस, बाही नऊ, बाकी सहा रुपये. ती बाई म्हणाली, "ते मी दिले होते." धाकटीने वहीत "दिले" असे लिहिले आणि तारीख घातली.

आता आणखी काही घरांतून गाठोडी येऊ लागली आहेत. पुढच्या कापडासाठी धाकटीने आमच्याकडे आमचा पहिला काळा कोट मागितला आहे. त्याचे अस्तर आईने दोनदा बदलले होते. आम्ही अजून हो म्हटलेले नाही, कारण पावसाळ्यात तो कोट अजूनही कामाला येतो.